झोपू देऊ नका, हाक मारत राहा

आईच्या पित्ताशयात खडे झाले होते. दुर्बिणीतून ऑपरेशन, तासाभराचं काम, तिसऱ्या दिवशी घरी, असं ठरलं. दुपारी साडेबाराला ऑपरेशन थिएटरचं, म्हणजे ओटीचं दार उघडलं. सर्जन बाहेर आले, प्लॅस्टिकच्या डबीतले खडे दाखवले, ‘छान झालं’ म्हणाले आणि खाली ओपीडीला गेले. पाठोपाठ स्ट्रेचर आलं. वॉर्ड खालच्या मजल्यावर आणि लिफ्ट वर कुठंतरी अडकलेली, म्हणून स्ट्रेचर लिफ्टसमोरच्या बोळात भिंतीला टेकवलं. मावशींनी सलाईनची बाटली माझ्या हातात दिली. ‘झोपू देऊ नका हं. हाक मारत राहा,’ म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटचे कपडे बदलायला गेल्या.

मी हाक मारत राहिलो. आधी आई ‘हं’ म्हणायची, मग नुसती भुवई हलायची, मग ती घोरायला लागली. घरीही ती घोरतेच. मला हायसंच वाटलं. दमली असेल, लागू दे डोळा. एका हातात बाटली धरून दुसऱ्या हातानं मी बहिणीला फोन लावला, सगळं छान झालं म्हणून. जिन्यानं वर जाणाऱ्या एक सिस्टर थबकल्या. त्या या मजल्याच्याही नव्हत्या. काही न बोलता त्यांनी आईच्या दोन्ही कानांखाली, जबड्याच्या कोपऱ्यांना बोटं लावली आणि जबडा वर उचलला. घोरणं एकदम थांबलं. आत एक लांब श्वास गेला, इतका लांब की ऐकून माझ्याच पोटात खड्डा पडला. ‘घोरत नव्हत्या त्या,’ सिस्टर म्हणाल्या, ‘जीभ मागं पडली होती.’

आई आज ठणठणीत आहे, मिरच्या निवडत ओट्याशी बसलेली आहे. त्या रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही, कारण त्या दिवशी कोणी फार मोठी चूक केली असं मला वाटत नाही. सर्जनचा हात उत्तम होता. भूल नीट दिली गेली, नीट उतरवलीही गेली. मावशींनी सांगितलं तेसुद्धा शंभर टक्के खरं होतं. ते मला सांगितलं, एवढीच काय ती अडचण.

भूल उतरणं म्हणजे दिव्याचं बटण दाबणं नव्हे. पोटाच्या ऑपरेशनला पूर्ण भूल देतात तेव्हा झोपेचं औषध वेगळं, दुखू नये म्हणून दिलेलं वेगळं आणि स्नायू ढिले करणारं आणखी वेगळं. शेवटी स्नायूंचं औषध उतरवायला उलटं इंजेक्शन देतात, श्वासनलिकेतली नळी काढतात, पेशंट खोकतो, डोळे उघडतो, आपलं नाव सांगतो. बाहेर आपल्याला कळतं, ‘शुद्धीवर आले.’ पण ती शुद्ध उसनी असते. नळी काढताना घशाला झालेला त्रास, दिवे, मोठ्यानं मारलेल्या हाका, या सगळ्यांनी मेंदू थोडा वेळ जागा राहतो. मग पेशंटला शांत बोळात आणून ठेवलं की त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. वेदनाशामकाचा अंमल अजून असतो. तो श्वास मंद करतो. घशाचे स्नायू पुरते ताठर झालेले नसतात, जीभ मागं घसरते. कोणाला उलटी होते आणि ती श्वासनलिकेत जाते. कोणाचा रक्तदाब टाक्याच्या आतल्या रक्तस्रावामुळं हळूहळू उतरत असतो आणि वरून ड्रेसिंग पांढरंशुभ्र दिसतं. कमरेतून भूल दिलेल्याचं दुखणं वेगळं. तो टक्क जागा असतो, बोलतो, पाय मात्र आपले नसतात, आणि रक्तदाब उतरला की आधी मळमळतं, मग घाम फुटतो. यातलं बहुतेक सगळं वेळीच दिसलं तर दोन मिनिटांत सावरता येतं. जबडा उचलायला तर काहीच सामग्री लागत नाही. लागतं ते एवढंच, की समोर कोणीतरी असावं आणि आपण काय बघतोय हे त्याला कळावं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सोलापुरात जिथं जिथं भूल देऊन ऑपरेशन होतं तिथं, रुग्णालय दहा खाटांचं का असेना, ओटीला लागून शुद्धीवर येण्याची जागा, म्हणजे रिकव्हरी रूम असली पाहिजे. त्या जागेत त्या वेळेपुरती दुसरं कुठलंही काम नसलेली शिकलेली सिस्टर किंवा ब्रदर बसला पाहिजे. हे नसेल तर ते ऑपरेशन थिएटर अर्धं बांधलेलं आहे, आतले दिवे कितीही महागाचे असोत.

ही कल्पना काही परवाची नाही. बोस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथर हुंगवून जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर वीसेक वर्षांच्या आतच, १८६३ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहून ठेवलं होतं की ऑपरेशनच्या खोलीला लागून एक छोटी खोली असते आणि शस्त्रक्रियेचा पहिला अंमल ओसरेपर्यंत रुग्ण तिथं राहतो. गंमत म्हणजे हे त्यांनी लंडनच्या थोरामोठ्या रुग्णालयांबद्दल नव्हे, गावाकडच्या लहान रुग्णालयांबद्दल लिहिलं होतं. आपल्याकडं ‘आमचं छोटं हॉस्पिटल आहे हो’ असं म्हटलं की विषय संपतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. पुढं १९४७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी अकरा वर्षांतले मृत्यू तपासले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या चोवीस तासांत गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे वाचवता आले असते, असं त्यांना आढळलं. त्यानंतर तिकडं रिकव्हरी रूम ही चैनीची गोष्ट राहिली नाही.

पेशंटला तिथून कधी हलवायचं याचंही मोजमाप आहे. १९७० मध्ये आल्ड्रेटी या भूलतज्ज्ञानं ते मांडलं. बाळ जन्मल्याबरोबर त्याला जसे गुण देतात, त्याच धर्तीवर. (बाळाचे ते गुण ठरवणाऱ्या व्हर्जिनिया ॲपगार याही भूलतज्ज्ञच होत्या. जन्मणं आणि भुलेतून उठणं यांत या लोकांना काहीतरी सारखं दिसत असावं.) पाच गोष्टी बघायच्या: हातपाय हलवतो का, खोल श्वास घेऊन खोकतो का, रक्तदाब आधीच्या जवळपास आहे का, हाकेला कितपत जागा होतो, आणि रंग कसा आहे. रंगाच्या जागी पुढं ऑक्सिजनचं प्रमाण आलं. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. दहापैकी नऊ झाले की वॉर्डात न्यायचं. कागदाचा एक चतकोर आणि पेन, एवढ्यावर हे काम होतं. आईच्या फाईलमध्ये डिस्चार्जच्या दिवशी मी हा चतकोर शोधला. ऑपरेशन संपल्याची वेळ होती, वॉर्डात दाखल झाल्याची वेळ होती, मधली पन्नास मिनिटं कोरी होती. त्या पन्नास मिनिटांची नोंद घेणारा इसम बोळात बाटली धरून उभा होता आणि त्याचं शिक्षण बीकॉम झालेलं होतं.

हे असं का होतं, हे मी पुढं ओळखीच्या डॉक्टरांना विचारत सुटलो. काहींनी टाळलं, काही मोकळेपणानं बोलले. आपल्यासारख्या शहरांत लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ नोकरीला नसतो. तो बोलावल्यावर येतो. सकाळी होटगी रोडला सिझेरियन, तिथून सात रस्त्याला हर्निया, दुपारी जुन्या पेठेत कुठंतरी हाड. मानधन केसचं मिळतं, तासाचं नाही. नळी काढली, पेशंटनं डोळे उघडले, की पुढच्या ठिकाणी टेबलावर पेशंट घेऊन लोक वाट बघत असतात. एक भूलतज्ज्ञ मला म्हणाले, ‘मला थांबायचं असतं हो. पण थांबलो तर तिकडचा सर्जन दुसऱ्याला बोलावणार.’ मला त्यांचा राग आला नाही. ज्या कामाचे पैसे नाहीत ते काम कोणीतरी चांगुलपणानं करावं, यावर आपण ही सगळी व्यवस्था उभी केली आहे. चांगुलपणा रोज असतोच असं नाही आणि असला तरी त्याला घाई असते.

दुसरी अडचण सिस्टरची. शिकलेल्या मुली पुण्या-मुंबईला जातात, काही आखातात जातात, आणि का जाऊ नयेत? इथं त्यांना मिळणारा पगार ऐकून मान खाली जाते. उरलेल्या एकीकडं सगळा मजला. आपल्या गावाला हे समजायला अवघड नाही. यंत्रमागावर एक माणूस चार-चार माग सांभाळतो हे आपण बघत आलो आहोत. पण मागाचा धागा तुटला तर वाईटात वाईट म्हणजे कापडात खोट येते. भुलेतून उठणाऱ्या माणसाला मागांच्या हिशोबात बसवता येत नाही. तिथं एकाला एक हवा, फार तर दोघांना एक.

तिसरी अडचण म्हणजे जागा, आणि ही मला फारशी पटत नाही. पेठेतल्या दरानं जागा घेऊन रुग्णालय बांधलं की इंच न् इंच वसूल व्हायला हवा, हे कळतं. पण त्याच इमारतींत मेडिकलच्या दुकानाला तळमजल्याचा दर्शनी भाग सापडतो, डीलक्स रूममध्ये सोफा मावतो. दोन खाटा, दोन मॉनिटर, घशातलं ओढून काढायचं सक्शन मशीन आणि ऑक्सिजन, एवढं मावायला सोफ्यापेक्षा जरा जास्त जागा लागेल, इतकंच.

आणि पैशाचं म्हणाल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असो की विम्यात, ऑपरेशनचा दर ठोक असतो. खाट, औषधं, भूल, सर्जन सगळं एका आकड्यात. रिकव्हरीत सिस्टर बसवली काय नि नाही बसवली काय, तो आकडा तोच. म्हणजे जो बसवतो तो स्वतःच्या खिशातून बसवतो आणि शेजारच्यापेक्षा महाग ठरतो. याच्यावर उपाय रुग्णालयाच्या भलेपणात नाही. त्या ठोक आकड्यात या तासाची वेगळी ओळ हवी आणि ती ओळ भरली नाही तर पैसे कापले गेले पाहिजेत.

आता आपल्याबद्दल, म्हणजे नातेवाइकांबद्दल. माझे एक वडीलधारे स्नेही म्हणतात, ‘अरे, आपल्याकडं माणसं असतात. परदेशात कोणी नसतं म्हणून त्यांना खोल्या लागतात.’ यात थोडं तथ्य आहे. लहान मूल भुलेतून उठताना आई दिसली की शांत होतं. म्हातारी माणसं काही वेळ पार गोंधळतात, नळ्या उपटतात, गेलेल्या माणसांची नावं घेतात. तेव्हा ओळखीचा आवाज जे करतो ते औषध करत नाही. पण सोबत करणं वेगळं आणि राखण करणं वेगळं. सोबतीला आम्ही आहोतच. शिवाय आपण आणखी काय काय करतो तेही बघितलं आहे मी. ओठ सुकले म्हणून कोणी चमच्यानं पाणी घालतं, कोणी तोंडात अंगारा टाकतं, भेटायला आलेली आठ माणसं खाटेभोवती कडं करतात आणि पेशंटचा चेहरा निळसर पडला तर तो दिसायची सोय राहत नाही. हे सगळं मायेपोटीच. रिकव्हरीच्या खोलीला दार असावं ते यासाठीही. आणि पेशंटला नीट शुद्ध आल्यावर घरच्या एकाला त्या दारातून आत घ्यावं. दाराबाहेर ताटकळवून ठेवण्यानंच तर आम्ही बोळात गर्दी करतो.

मशीन आहे की, असंही कोणी म्हणेल. कोरोनात प्रत्येक घरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ते पिशवीत घेऊन विडी घरकुल या कामगार वसाहतीपर्यंत दारोदार फिरल्या. जे यंत्र आशाताईंच्या पिशवीत होतं ते माझ्या आईच्या बोटाला ओटीच्या दारापर्यंतच होतं, दारातून बाहेर पडताना काढून घेतलं. एकच होतं आणि आत पुढचा पेशंट होता. तरीही मी म्हणेन, नुसत्या यंत्रावर भिस्त नको. नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की श्वास पार मंदावला तरी आकडा बराच वेळ अठ्ठ्याण्णव दाखवत राहतो. आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो आणि बाहेर हिरवा आकडा चमकत असतो. छाती किती वेळा वर येते हे मोजणारे डोळेच लागतात.

सोलापूरची म्हणून एक गोष्ट आहे, ती पुण्याच्या कुठल्या नियमावलीत सापडणार नाही. आमच्याकडं माणसं चार भाषांत शुद्धीवर येतात. घरी तेलुगू बोलणारी विडी कामगार बाई दिवसभर बाजारात, कारखान्यात छान मराठी बोलते. भुलेतून उठताना मात्र तिची मराठी सगळ्यात शेवटी परत येते. त्या दिवशी आईच्या मागच्या स्ट्रेचरवर अशीच एक बाई होती. ‘नोप्पी, नोप्पी’ करत होती. दुखतंय, दुखतंय. ड्यूटीवरचा मुलगा लातूरकडचा, त्याला वाटलं ती कोणाला तरी नावानं हाक मारतेय. त्यानं बाहेर येऊन विचारलं, ‘नोप्पी कोण आहे?’ तेव्हा हसू आलं होतं, आता येत नाही. इंडीहून, अक्कलकोटच्या सीमेवरच्या गावांतून आलेला माणूस कन्नडमध्ये ‘उसिरु’ म्हणतो तेव्हा तो श्वासाबद्दल काहीतरी सांगत असतो. तेलुगूत तोच ‘ऊपिरि’. एक वांती तेवढी तिन्ही भाषांत वांतीच आहे, तेवढं देवानं बरं केलं. भिंतीवर दहा शब्दांचा कागद लावायला फार अक्कल लागत नाही आणि खर्च तर नाहीच.

आणि थंडी. बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत ओटीचा एसी, उघडं अंग, शिरेतून जाणारं गार सलाईन. पेशंट बाहेर येतो तो दात वाजवत. हुडहुडीनं शरीराची ऑक्सिजनची भूक वाढते, टाके ओढले जातात, दुखणं दुप्पट होतं. सिस्टर विचारतात, ‘घरून चादर आणलीय का?’ ज्या गावाच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावात ऑपरेशन झालेला माणूस पातळ हिरव्या कापडाखाली कुडकुडत पडतो आणि पोरगा चादर आणायला मोटारसायकलवरून घरी पळतो.

सगळं वाईटच आहे असं नाही. मोठ्या रुग्णालयांच्या नकाशात ही खोली असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी तपासायच्या गोष्टींची जी यादी दिली तिच्यात, पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सिस्टर यांनी पुढं काय काय जपायचं हे एकमेकांना मोठ्यानं सांगावं, असं आहे. काही ठिकाणी तसं सांगतातही. पण सांगितलेलं ऐकणारी सिस्टर आणि पुढचा तासभर पेशंटजवळ बसणारी सिस्टर एकच असेल तर त्याचा उपयोग. आमच्या बाबतीत शेवटचा ऐकणारा मी होतो आणि मला चार शब्द सांगितले गेले.

या सगळ्यांत जास्त भोगतात त्या बाया. कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत एका दिवसात रांगेनं शस्त्रक्रिया व्हायच्या आणि नंतर सतरंज्यांवर ओळीनं झोपलेल्या बाया, मध्ये एखादं रडणारं मूल, ही छायाचित्रं आपण वर्षानुवर्षं पेपरात बघितली. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. त्या छायाचित्रांत आपल्याला टोचायचं ते जमिनीवर झोपवणं. त्या ओळीत जागं असं कोण आहे, हे मीही तेव्हा शोधलं नव्हतं.

मग करायचं काय? शहरातल्या खासगी रुग्णालयांची नोंदणी महापालिकेकडं असते, १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली. नोंदणीच्या नूतनीकरणाला अग्निशमनचा दाखला बघतात, जैविक कचऱ्याचा करार बघतात. दोन्ही बघायलाच हवेत. हे तपासायला येणाऱ्या त्याच माणसानं ओटीच्या दारातून बाहेर पडून दहा पावलं चालावं आणि विचारावं, ‘इथं पेशंट कुठं उठतो? जवळ कोण बसतं? मागच्या दहा पेशंटांचे कागद दाखवा.’ कागद नसतील तर मुदत द्यावी, मुदतीनंतर ओटीला कुलूप. कडक वाटेल. पण पाणी गळणाऱ्या बॉयलरवर गिरणी चालू द्यायची नाही हे आपल्याला पूर्वी कळत होतं. ज्या इमारतीत तीन-तीन डॉक्टरांचे तीन मजले आहेत तिथं तिघांनी मिळून एक खोली आणि एक सिस्टर ठेवावी. लिफ्ट आणि जनरेटर मिळून ठेवतातच की. आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं ठरवावं की मानधनात पुढचा अर्धा तास धरलेला असेल, ज्याला परवडत नाही त्यानं बोलावू नये. एकट्यानं म्हटलं तर तो बाजारातून उठतो. सगळ्यांनी म्हटलं तर सर्जनला घड्याळाकडं बघत थांबावं लागेल, आणि ते त्याला जमेल.

आमच्या हातात तेवढ्यात काय होतं? शेजारच्या काकूंकडून, त्या घरी तेलुगू बोलतात, आणि गाणगापूरच्या एका मित्राकडून मी ते दहा शब्द लिहून घेतले. दुखतंय, श्वास, पाणी, थंडी, लघवी, बाळ कुठंय, असे. काकूंनी दोनदा खोडून दुरुस्त केलं, ‘असं बोलत नाहीत रे म्हातारे लोक’ म्हणाल्या. तो कागद टाईप करून मी त्याच रुग्णालयात नेऊन दिला. तिथल्या मोठ्या सिस्टरना फार आवडला. परवा मामांच्या फॉलोअपला गेलो तेव्हा बघितलं, त्यांनी तो छान लॅमिनेट करून लावलाय, लिफ्टसमोरच्या बोळात. इथं का लावला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ‘पेशंट इथंच उठतात ना.’